चढणाऱ्याला आधी

एक्कावन्नाव्या वर्षी मी क्लच शिकते आहे.
डाव्या पायाला इतकी वर्षं
कोणी काही विचारलंच नव्हतं.

शेजारी गुणो माजिक. त्याच्या पायाशी दुसरा ब्रेक.
जुनी आठशे, पुढं-मागं लाल एल,
टपावरच्या पाटीचा 'ड्रा' उन्हानं खाल्लेला;
उरलंय नुसतं
यव्हिंग स्कूल, डिचोली.

"पट्टो," तो म्हणतो.
मग, "आरसो."
आरशात माझं कपाळ, विस्कटलेलं कुंकू.
"तुका न्हय गो बाय. फाटल्याक पळय."

सकाळी सहाला रस्त्यावर आम्ही आणि पोदेर.
भोंपू वाजवत सायकल येते,
टोपलीवर निळं प्लास्टिक, खाली ऊन ऊन पाव.
त्याच्या बाजूनं जाताना मी हातभर जागा सोडते.
गुणो स्टिअरिंगला बोट लावून आणखी हातभर सोडवतो.
तो कुत्र्याला चुकवणार, तू त्याला चुकवायचं.
तुझ्या पुस्तकात कुत्रा आहे?

नाही. पण पुस्तक मला पाठ आहे.
रात्री वाल सोलताना लेक प्रश्न टाकते,
मी सालांसकट उत्तरं टाकते.
लाल त्रिकोण? सावध.
लाल वर्तुळात आडवी रेघ? मनाई.
सर्कलवर आधी कोण? उजवीकडचा.
अरुंद चढणीवर?
चढणारा. उतरणाऱ्यानं थांबायचं.
एका गुणाचा प्रश्न, सोपा.

पाळीच्या वाटेवर एक उतरण आहे.
चिऱ्याचा गडगा, त्यावर वाकलेलं काजूचं झाड,
आणि पुढं रस्ता असा वळतो
की समोरचा माणूस आवाजानंच ओळखावा.
तिथं गुणो रोज गाडी थांबवायला लावतो.
हॉर्न एकदा. काच खाली. दोन आकडे मोजायचे.
मग पहिला गिअर.

"कोणी येत नाहीये," मी एकदा म्हटलं.
"दिसना म्हण."

मग त्याच्या खिशातली बिडी
खिशातच इकडून तिकडे झाली.
खाणी चालू होत्या तेव्हाची गोष्ट, म्हणाला.
ट्रिपेमागे पैसे. दिवसाला आठ झाल्या
की शेजारचा नऊ करायचा, मग आपण दहा.
भरलेला ट्रक उतरणीला लागला
की ब्रेक म्हणजे पायाखालचं नुसतं लोखंड.
पानापानावर लाल धूळ, काचेवर लाल धूळ,
वायपर मारला तर चिखल.
हॉर्न? हॉर्न सगळेच मारायचे,
म्हणून कुणाचाच ऐकू यायचा नाही.

"हांगा," तो गडग्याकडे न बघता म्हणाला,
"एक जण चडटालो. सायकल हातात धरून."

मी थांबले. इंजिन थरथरत होतं.
"मग?"

"मागीर कितें. मान ताचो आसलो."

आणि त्यानं डॅशबोर्डवरची नसलेली धूळ पुसली.
घरी सोडेपर्यंत फक्त दोन शब्द बोलला:
इंडिकेटर बंद.

परीक्षेत आठाचा आकडा काढताना
माझा एक पाय लटपटला, दुसरा नाही.
कागदी पेढ्यांचा पुडा घेऊन गेले तर
गुणो कुणा पोराला उलटी गाडी शिकवत होता,
काचेतून हात हलवून म्हणाला, दारात ठेव.

आता माझी स्वतःची गाडी आहे, जुनीच,
शेजारची सीट रिकामी, तिथं ब्रेक नाही.
मंगळवारी पाळीहून परतताना ऊन कलत होतं,
मागे भाड्याच्या स्कूटरवरचे दोघं
अधीर होऊन भोंपू वाजवत होते.
मी गडग्याशी थांबले.
हॉर्न. काच खाली.
काजूच्या बोंडांचा आंबूस वास आत आला.
एक. दोन.

कोणीच वर आलं नाही.

मी वाट दिली.